दोन भाषांत वाढणारं मूल आणि संवादाचा उगम: अभ्यास कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर प्रबंधासाठी जन्मापासून दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास करायचा आहे. बारा कुटुंबं तयार आहेत, मुलं 8 ते 30 महिन्यांची आहेत. ही मुलं दोन्ही भाषा सुरुवातीला एकच धरतात की वेगळ्या, हे तपासायचं आणि शेवटच्या प्रकरणात त्यावरून माणसाच्या संवादाच्या उगमाबद्दल काही म्हणायचं. हे जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

जमेल, पण "एक व्यवस्था की दोन" हा प्रश्न जसाच्या तसा घेऊ नका. 1978 मध्ये व्होल्टेरा आणि टेश्नर यांनी तीन टप्पे मांडले होते: आधी दोन्ही भाषांचा मिळून एकच शब्दसंग्रह, मग शब्द वेगळे पण व्याकरण एक, आणि शेवटी सगळं वेगळं. त्याला आधार दोन होते. एक म्हणजे लहान मुलांकडे एकाच वस्तूसाठी दोन्ही भाषांतले शब्द सहसा नसतात, आणि दुसरा म्हणजे ती भाषा मिसळतात. पहिला आधार बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात मायामीत शब्द मोजले तेव्हा ढासळला. इंग्रजी-स्पॅनिश मुलांच्या शब्दांत सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास जोड्या निघाल्या, म्हणजे एकाच अर्थाचे दोन्हीकडचे शब्द. दुसऱ्या आधाराबद्दल फ्रेड जेनेसी यांनी 1989 मध्येच विचारलं होतं की घरातले मोठेच मिसळून बोलत असतील तर मुलाचं मिसळणं हा गोंधळाचा पुरावा कसा? शिवाय व्हँकुव्हरमध्ये 2010 साली केलेल्या प्रयोगात, गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली भाषा) दोन्ही बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांना दोन्ही भाषांची सारखीच ओढ दिसली आणि तरीही त्यांना त्या वेगळ्या ओळखता आल्या. म्हणजे हा वाद बऱ्याच अंशी मिटलेला आहे आणि बारा कुटुंबांत तुम्ही त्यात भर घालू शकणार नाही.

त्याऐवजी विचारा की अशा मुलात एकच काय असतं आणि दोन काय असतं. बडबड सुरू होण्याचं वय, बोट दाखवणं, समोरच्याचं लक्ष वेधणं, आपलं कळलं नाही हे ओळखून पुन्हा प्रयत्न करणं या गोष्टी मुलाकडे एकेकच असतात. ध्वनींचे भेद, शब्दांची संख्या आणि वाक्यातला क्रम मात्र भाषेगणिक वेगळा असतो आणि त्या त्या भाषेचं जेवढं कानावर पडतं त्याच्या मागे मागे जातो. एकभाषी मुलात हे दोन थर एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सुटे करता येत नाहीत. दोन भाषांच्या मुलात ते आपोआप सुटे होतात. तुमच्या दोन विषयांना जोडणारा खरा धागा माझ्या मते हाच आहे. उगमाबद्दल काही बोलायचं असेल तर पहिल्या थराच्या जोरावर बोलता येईल, दुसऱ्याच्या जोरावर नाही.

आता कामाकडे. सगळ्यात जास्त वेळ संपर्क, म्हणजे मुलाच्या कानावर कोणती भाषा किती पडते ते, मोजण्यात घालवा, कारण अशा अभ्यासातली बहुतेक चुकीची अनुमानं इथेच जन्माला येतात. पालकांना "कोणती भाषा किती टक्के?" असं विचारलं की उत्तर येतं ते त्यांच्या इच्छेचं. कुटुंबाला ज्या भाषेचा अभिमान आहे ती फुगते, जी नकळत बोलली जाते ती आटते. म्हणून टक्के विचारूच नका, दिवस विचारा. मूल किती वाजता उठतं, तेव्हा जवळ कोण असतं, ती व्यक्ती मुलाशी काय बोलते, मग कोण येतं, असं झोपेपर्यंत. कामाचे दिवस वेगळे, सुट्टीचे वेगळे. समजा मूल रोज 10 तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला 70 तास. त्यातले 40 तास आईबरोबर (भाषा अ), 14 तास वडिलांबरोबर (भाषा ब) आणि 16 तास दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या बोलणाऱ्या आजीबरोबर. मग अ भाषेचे 48 तास, ब भाषेचे 22, म्हणजे साधारण 69 आणि 31 टक्के. ही झाली आजची स्थिती. पण मूल वर्षाचं असेल आणि पहिले सहा महिने अ भाषा 90 टक्के, नंतरचे सहा महिने 50 टक्के असेल, तर आयुष्यभराचा आकडा 70 येतो. दोन्ही आकडे ठेवा. ध्वनींच्या प्रश्नांना सहसा आयुष्यभराचा आकडा लागतो, मूल आज कोणती भाषा निवडतं याला आजचा.

दोन व्यक्ती एकाच वेळी जवळ असतात ते तास दोनदा मोजले जाणं ही नेहमीची चूक आहे. बेरीज 70च्या वर गेली की समजायचं हे झालं. अशा तासांत मुलाकडे वळून कोण बोलतं ते विचारून तास वाटून घ्या. मोठ्यांचं आपापसातलं बोलणं वेगळ्या रकान्यात टाका, मुलाशी झालेल्या बोलण्यात मिसळू नका. संशोधनात साधारणपणे दोन्ही भाषांचा वाटा 25 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर मूल द्विभाषी धरतात आणि एका भाषेचा वाटा 90 टक्क्यांच्या वर असेल तर एकभाषी. या सीमा सोयीच्या आहेत, निसर्गातल्या नाहीत. बारा मुलांत कुणाला बाहेर काढण्यापेक्षा टक्केवारी सलग आकडा म्हणून वापरा.

पालकांच्या सांगण्याला पडताळा म्हणून दिवसभराचं ध्वनिमुद्रण घ्या. लीना हे अंगात घालायचं रेकॉर्डर 16 तासांपर्यंत मुद्रण करतं आणि मोठ्यांचे अंदाजे शब्द, मुलाचे आवाज, आळीपाळीने झालेल्या देवघेवी आपणहून मोजतं. पण भाषा कोणती ते त्याला कळत नाही. तेव्हा मुद्रणातले 30-30 सेकंदांचे तुकडे ठराविक अंतराने उचला आणि दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून खूण करून घ्या: अ, ब, मिश्र, भाषा नाही. घर मुद्रणाला सरावलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे जपून बोलतात. दोन दिवस मुद्रण करा, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, आणि पहिला तास सोडून द्या.

ध्वनिभेदाच्या प्रयोगांचा मोह टाळा. क्षेत्र अतिशय सुंदर आहे, हे खरं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरांतल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे कळतात, आणि 10-12 महिन्यांपर्यंत ही क्षमता ओसरते. पण द्विभाषी बाळांबाबत याच वाटेवर काय फसगत होते ते बार्सिलोनाच्या उदाहरणात नीट बघा. कॅटलानमध्ये उघडा 'ए' आणि मिटलेला 'ए' असे दोन स्वर आहेत, स्पॅनिशमध्ये एकच. बॉश आणि सेबास्तियान-गाल्येस यांच्या 2003 च्या अभ्यासात दोन्ही भाषा ऐकणाऱ्या बाळांना हा भेद 4 महिन्यांना कळत होता, 8 महिन्यांना कळेनासा झाला आणि 12 महिन्यांना पुन्हा कळू लागला. दोन भाषांमुळे मधेच घसरण होते, असा निष्कर्ष सहज निघाला असता. 2011 मध्ये त्याच गटाने पद्धत बदलली. बाळ किती वेळ बघतं हे मोजण्याऐवजी, आवाज ऐकून चित्र कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज ते डोळ्यांनी आधीच बांधतं का, हे पाहिलं. आणि 8 महिन्यांच्या द्विभाषी बाळांनी भेद ओळखला! क्षमता होतीच, पहिल्या मापात ती उमटत नव्हती. दोन मिळत्याजुळत्या भाषा ऐकणाऱ्या बाळाला जवळच्या उच्चारांचे शब्द एकसारखे वाटण्याची सवय असू शकते, त्यामुळे ते आश्चर्याने जास्त वेळ बघत बसत नाही.

यावरून दोन गोष्टी घ्या. द्विभाषी मूल एखाद्या कसोटीत नापास झालं तर आधी कसोटीवर संशय घ्या. आणि बघण्याच्या वेळेवर आधारलेल्या प्रयोगाला एकेका वयोगटात पुरेशी बाळं लागतात. रडणारी, पेंगणारी, भलतीकडे बघणारी बाळं वगळल्यावर तुमच्या बारांतली किती उरतील? बाळांना मुलांशी बोलण्याची लाडिक ढब जास्त आवडते का, एवढ्या एका प्रश्नासाठी मेनीबेबीज या अनेक प्रयोगशाळांच्या एकत्रित प्रकल्पाच्या द्विभाषी शाखेला 7 देशांतल्या 17 प्रयोगशाळांतून 333 द्विभाषी आणि 384 एकभाषी बाळं गोळा करावी लागली. पसंती दोन्ही गटांत सारखीच निघाली. माझ्या पहिल्या थराच्या यादीत ही गोष्टही बसते.

शब्दसंग्रह मोजणं तुमच्या आवाक्यात आहे. मॅकआर्थर-बेट्स शब्दयादीची (मूल कोणते शब्द बोलतं त्यावर पालक खूण करतात ती यादी) त्या त्या भाषेसाठी बसवलेली आवृत्ती मिळत असेल तर घ्या. नसेल तर इंग्रजी यादीचं भाषांतर करून काम भागवू नका, त्या भाषेतल्या लहान मुलांच्या बोलण्यातून यादी घडवावी लागते. प्रत्येक भाषेची यादी त्या भाषेत मुलाशी जास्त बोलणाऱ्या माणसाने भरायची. दोन्ही याद्या एकट्या आईने भरल्या तर वडिलांच्या भाषेतले शब्द गळतात.

हिशेब असा करा. समजा अ भाषेत 60 शब्द, ब भाषेत 45, आणि त्यांतल्या 20 जोड्या एकाच अर्थाच्या. एकूण शब्द 105, अर्थ 85. एकभाषी मुलाच्या 80 शब्दांशी या मुलाच्या फक्त अ भाषेतल्या 60 शब्दांची तुलना केली की मूल मागे वाटतं, आणि इथूनच "दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो" हा सल्ला घराघरांत पोचतो. कितीतरी कुटुंबं या एका चुकीच्या वजाबाकीपायी घरची भाषा बोलायची सोडून देतात. तुमच्या प्रबंधात प्रत्येक भाषेतले शब्द, एकूण शब्द आणि अर्थ हे तिन्ही आकडे स्वतंत्र रकान्यांत द्या, आणि प्रत्येक भाषेतल्या शब्दांचा वाटा त्या भाषेच्या संपर्काच्या टक्केवारीसमोर मांडा. पिअरसन यांच्या कामात हे दोन आकडे बरोबरीने चालताना दिसले होते.

भाषा एकमेकींच्या नात्यातल्या असतील तर एक अडचण येईल. मराठी-हिंदी घरातलं 16 महिन्यांचं मूल "पाणी" म्हणालं की "पानी"? त्या वयात 'ण' आणि 'न' मुलाच्या तोंडून वेगळे ऐकू येत नाहीत. असे शब्द दोन्हीकडे मोजले तर जोड्या फुगतात, एकीकडे मोजले तर दुसरी भाषा गरीब दिसते. त्यांचा तिसरा गट करा, "सामाईक रूप", आणि मुख्य हिशेब त्यांना धरून आणि वगळून असा दोनदा करा. निष्कर्ष दोन्ही वेळा तोच राहिला तरच लिहा.

तुमच्या अभ्यासाचा कणा मात्र संवाद दुरुस्तीचा प्रयोग असावा, असं मी आग्रहाने सांगेन. 24 ते 30 महिन्यांची मुलं निवडा. प्रत्येकाबरोबर खेळाची दोन सत्रं, साधारण 25 मिनिटांची, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांबरोबर. पहिली व्यक्ती फक्त अ भाषा बोलते, दुसरी फक्त ब. निम्म्या मुलांना आधी अ, निम्म्यांना आधी ब. मूल "चुकीच्या" भाषेत काही बोललं की खेळगड्याने सहज विचारायचं, "काय?" एवढंच. शब्द सुचवायचा नाही, भाषेचं नाव घ्यायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत. मग मूल काय करतं ते टिपायचं: तेच पुन्हा म्हणतं, मोठ्याने म्हणतं, शब्द बदलतं, हाताने दाखवतं की भाषा बदलतं?

इथे अर्धं काम विसरलं जातं. मूल बरोबर भाषेत पण अस्पष्ट बोललं, तेव्हाही अधूनमधून तसंच "काय?" विचारायला हवं. प्रत्येक "काय?"वर मूल भाषा बदलत असेल, तर ती नुसती लागलेली सवय. भाषेची अडचण असतानाच बदललं आणि अस्पष्टपणाची अडचण असताना नाही, तरच समोरच्याला नेमकं काय कळलं नाही याचा अंदाज मुलाला आहे असं म्हणता येतं. कोमो, जेनेसी आणि मेंडेलसन यांच्या 2007 च्या अभ्यासात दोन आणि तीन वर्षांच्या इंग्रजी-फ्रेंच मुलांनी हा फरक केला. एका सत्रात दोन्ही प्रकारचे मिळून आठ-दहापेक्षा जास्त "काय?" नकोत, मूल वैतागतं आणि गप्प होतं.

खेळगडी दुसरी भाषा खरंच न जाणणारा असला तर उत्तम. जाणणारा माणूस नकळत हसतो, मान डोलावतो, आणि मुलांना तेवढं पुरतं. मूल त्या व्यक्तीला सत्राआधी दुसरी भाषा बोलताना ऐकणार नाही याचीही काळजी घ्या, दारातल्या चार शब्दांनीही सगळं वाया जातं.

सत्रं चिल्ड्स (CHILDES) या मुलांच्या बोलण्याच्या संग्रहाच्या चॅट (CHAT) लेखनपद्धतीने उतरवा, त्यात प्रत्येक शब्दाला भाषेची खूण जोडता येते. किमान 20 टक्के भाग दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे उतरवून घ्या आणि जुळणीचा आकडा द्या. यासोबत घरचं अर्ध्या तासाचं एक ध्वनिमुद्रण एलिझाबेथ लान्झा यांच्या चौकटीत बसवून बघा. मूल दुसऱ्या भाषेत बोललं की पालक कळलं नाही असं दाखवतो, अंदाजाने आपल्या भाषेत विचारतो, तेच आपल्या भाषेत उच्चारतो, तसंच पुढे जातो, की स्वतःही भाषा बदलतो? प्रयोगातल्या मुलाच्या वागण्याचा बराच उलगडा घरच्या या सवयीतून होतो. "एक माणूस, एक भाषा" हा नियम 1913 मध्ये रोंझा यांच्या ग्रंथापासून प्रसिद्ध आहे, पण तो पाळल्याने सगळं साधतं असं नाही. अनिक दे हाउवर यांच्या 2007 च्या पाहणीत, बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्स भागातल्या 1,899 कुटुंबांत, जवळपास एक चतुर्थांश मुलं घरची डचेतर भाषा बोलत नव्हती. पालकांकडून घरात जितकी जास्त डच, तितकी ही गळती जास्त होती.

12 ते 20 महिन्यांच्या मुलांसाठी बोट दाखवण्याचा प्रयोग ठेवा. पडद्याआडून एखादी बाहुली अचानक डोकावते, मूल तिच्याकडे बोट करतं. मोठी व्यक्ती एकदा फक्त बाहुलीकडे बघते, एकदा फक्त मुलाकडे बघून आनंदाने बोलते, एकदा दोघांकडे आळीपाळीने बघते. लिश्कोव्स्की, टोमासेलो आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या प्रयोगात 12 महिन्यांची मुलं तिसऱ्या वेळी समाधानी होती, इतर वेळी ती पुन्हा पुन्हा बोट करत राहिली. त्यांना वस्तू नको होती, वस्तूकडे बघण्यात सोबत हवी होती. हाच प्रयोग तुम्ही अ भाषेच्या आणि ब भाषेच्या व्यक्तीबरोबर करा. ब भाषेचे शब्द मोजकेच असूनही तिथे बोट दाखवणं तितकंच नेमकं असेल, तर पहिला थर शब्दांच्या साठ्यावर अवलंबून नाही असं सुचवणारं तुमच्या हातातलं सगळ्यात थेट निरीक्षण ते असेल.

आता उगमाचं प्रकरण. मुलाची वाढ म्हणजे मानवजातीच्या वाढीची छोटी आवृत्ती, ही 19व्या शतकातली कल्पना आहे, तिच्यापासून लांब राहा. तुमच्या मुलांभोवती तयार भाषा बोलणारी माणसं आहेत, पहिल्या बोलणाऱ्यांभोवती नव्हती. पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेने 1866 मध्ये भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारायचे नाहीत असं नियमातच घातलं होतं. पुराव्याशिवाय लिहिण्याची खोड या विषयाला तेव्हाही होती.

तुम्हाला आधार देणारा पुरावा तीन ठिकाणी आहे. पहिला संकेतभाषेतला. क्वेबेकमध्ये लॉरा-अ‍ॅन पेतितो यांनी 2001 मध्ये जन्मापासून फ्रेंच आणि क्वेबेकची संकेतभाषा अशा दोन्ही मिळालेल्या मोजक्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्हीकडचे टप्पे एकाच सुमाराला आले, ऐकू येत असूनही मुलं बोलल्या जाणाऱ्या भाषेकडे जास्त झुकली नाहीत. आणि करेन एमोरी यांच्या 2008 च्या अभ्यासात संकेतभाषा आणि इंग्रजी दोन्ही येणारी प्रौढ माणसं भाषा बदलण्याऐवजी बहुतेकदा हात आणि तोंड एकाच वेळी चालवत होती. बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा मिसळणारं मूल एक थांबवून दुसरी सुरू करतं, कारण तोंड एकच आहे. भाषा हातांतून आली की आवाजातून, या जुन्या वादात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: संवादाची गरज दोन्ही वाटांनी एकदम वाहू शकते.

दुसरा पुरावा निकाराग्वातला. 1977 नंतर राजधानी मानाग्वात बहिरी मुलं शाळेत प्रथमच एकत्र आली आणि त्यांच्यात नवी संकेतभाषा घडली. सेंघास, किता आणि ओझ्युरेक यांनी 2004 मध्ये एक बारीक गोष्ट दाखवली. उतारावरून गडगडत खाली जाण्याची कृती सांगताना ऐकू येणारी माणसं हाताने गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत दाखवतात. नंतरच्या पिढीतली बहिरी मुलं मात्र 'गडगडणं' आणि 'खाली जाणं' असे दोन संकेत एकापुढे एक ठेवू लागली. आधीच्या पिढीत हे कमी होतं. अखंड चित्राचे सुटे घटक करणं हे दुसऱ्या थराचं काम, आणि ते लहान मुलांच्या हातून झालं. पण संवादाची इच्छा त्याआधीच पूर्ण होती. एकेकट्या बहिऱ्या मुलांच्या घरगुती खुणांवर सुझन गोल्डिन-मेडो यांनी जे काम केलं त्यातही हेच दिसतं.

तिसरा पुरावा पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगाचा. 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिनची 12 सत्रं मिळाली. समोर माणूस बसून खेळला, वाचून दाखवलं, तेव्हा बाळं ध्वनी शिकली. त्याच माणसांची चित्रफीत किंवा नुसता आवाज दिला तेव्हा काहीच शिकली नाहीत. नवी भाषा माणसाच्या सोबतीतून आत शिरते.

स्वरयंत्राचं स्थान, भाषेशी जोडलं जाणारं फॉक्सपी2 जनुक, माकडांचे धोक्याचे आवाज यांवर एकेक परिच्छेद लिहायचा मोह होईल. तुमच्या निरीक्षणांना त्यांचा आधार नाही आणि त्यांना तुमच्या निरीक्षणांचा नाही, म्हणून गाळा. द्विभाषी मुलं हुशार निघतात का, हेही गाळा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या 9-10 वर्षांच्या 4,524 मुलांच्या माहितीत मेंदूच्या नियंत्रणक्षमतेचा (लक्ष आवरणं, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं) कोणताही फायदा दिसला नाही.

क्रम असा ठेवा: आधी दोन कुटुंबांवर संपर्काची मुलाखत आणि एक "काय?" सत्र करून बघा, खेळगड्यांचं चित्रण स्वतः तपासा, भुवया कुठे हलतात ते बघा, आणि मगच उरलेल्या दहा कुटुंबांकडे जा. त्या दोन मुलांची माहिती अंतिम हिशेबात धरू नका. संमतीपत्रात ध्वनिमुद्रण किती काळ ठेवणार, कोण ऐकणार, आणि घरात आलेल्या पाहुण्याचा आवाज आला तर तो भाग कसा पुसणार, हे लिहा. दिवसभर चालू राहणाऱ्या रेकॉर्डरबद्दल घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.